बुध बसत नाही

त्या रविवारी सकाळी शुभदा खळ्यात रातांब्याची सोलं वाळत घालत होती आणि अप्पा पडवीच्या कठड्यावर बसून तिला बुध ग्रह समजावून सांगत होते. सत्त्याऐंशी सालचा मे महिना, ती शिकवायची त्या शाळेला सुट्टी. आडबंदरात त्या दिवसांत घरोघरी सोलं वाळत होती, पण बुध मात्र एकट्या तोंडवळकरांच्या खळ्यात चालू होता.

"चौथ्या पुस्तकात पोपट आसा का नाय?" अप्पांनी विचारलं.

"आसा."

"पोपट कोणाचो? बुधाचो. रंग हिरवो, तोंड चालू, निरोप पोचवचा काम. पटलां?"

"होय."

"येवढ्या लवकर?"

"होय म्हटलंय मा, अप्पा. माका सोलां उलटूची आसत."

अप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे जरा वेळ बघितलं, मग मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि पेज मागितली.

भिकाजी तोंडवळकर हे छत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर. ग्रहणाला अख्खं गाव दारं लावून बसलं की हा माणूस शाळेच्या पायरीवर बसून मुलांदेखत दडपे पोहे खायचा. पत्रिका घेऊन कोणी दारात आलंच, तर "लग्नाची असली तर दी, जलमाची असली तर परत ने" असं सांगून मोकळे व्हायचे. अशा माणसाला उतारवयात ग्रह लागले, आणि तेसुद्धा मुलांच्या गोष्टीतून.

घुमटबेटाच्या गोष्टींची सात पुस्तकं. शुभदा दहा वर्षांची असताना अप्पांनी ती मुंबईहून टपालाने मागवली होती. समुद्रातल्या एका बेटावर विहिरीच्या तळाशी दार, दारापलीकडे बोलणारी जनावरं, चालणारी झाडं, जादूचे राजे. शुभदाची आई गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, अप्पांनी वेळ जात नाही म्हणून ती पुन्हा वाचायला घेतली. जाणकार म्हणत, या सातांचा एकमेकांशी मेळ नाही. एकात नुसतं युद्ध, एकात नुसत्या मेजवान्या, एकात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत धुकं. अप्पांना मेळ सापडला. लेखकाने ग्रह हा शब्द एकदाही न वापरता एकेक पुस्तक एकेका वाराच्या ग्रहाला देऊन टाकलं होतं. मंगळाच्या पुस्तकात तांबडी माती, लोखंड आणि पोवळी. सोमाच्या पुस्तकात चांदी, धुकं आणि वेड लावणारं पाणी. गुरूच्या पुस्तकात पिवळे महाल आणि पंगतीवर पंगती.

"आभाळातलो ग्रह म्हणजे दगड नायतर वाफ," अप्पा म्हणायचे. "तो कोणाचा काय वायट करणा नाय. गोष्टीतलो ग्रह म्हणजे गोष्टीचो वारो. तो दिसणा नाय, पण शीड भरता."

हे वाक्य शुभदाला फार आवडायचं. सहा पुस्तकांपुरतं पटायचंही. चौथं मात्र तिला कधीच पटलं नव्हतं. पण वाद घातला तर जेवणं लांबतात हे ती लहानपणापासून शिकली होती, आणि आई गेल्यावर त्या घरात बोलायला ग्रहांखेरीज फारसं काही उरलंही नव्हतं. म्हणून चार वर्षं ती "होय" म्हणत आली होती. एकतीस मेला गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी अप्पा या विषयावर भाषण करणार होते.

सोमवारी सकाळी ते दात घासायला विहिरीवर गेले आणि विहिरीच्या कठड्याला पाठ टेकून बसले. चहा निवला तेव्हा शुभदा बघायला गेली.

अप्पा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या राधाबाई पेजेचा टोप घेऊन आल्या. टोप खाली ठेवून त्या बाकड्यावर टेकल्या, आणि तिथेच वही होती. दोनशे पानी, वर ठसठशीत अक्षरांत एकच शब्द: ग्रह. राधाबाई चौथी शिकलेल्या. समोर अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. अप्पांची एक जुनी खोड होती. प्रगतिपुस्तकं भरून भरून त्यांना नावं तोडून लिहायची सवय लागली होती. पूर्ण नाव लिहिणं म्हणजे शाईची उधळपट्टी, असं ते मानत.

राधाबाईंनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "सोम. स. चं पाण्यामुळे डोकं फिरतं. घरच्यांना ओळखेनासं होतं. स. ला पाण्यापासून लांब ठेवावं लागतं." मग पान उलटलं. "मंगळ. शि. आणि त्याचा भाऊ. मधली भिंत पाडल्याशिवाय तह नाही. न पाडल्यास दोघांचाही नाश."

त्यांनी मान वर केली. "गो शुभदा, ह्यां काय गो?"

शुभदा त्या वेळी अप्पांच्या चपला कुठे ठेवाव्यात याचा विचार करत होती. ती म्हणाली, "अप्पांचे ग्रह."

पुढे जे काही झालं ते या दोन शब्दांमुळे.

संध्याकाळपर्यंत बातमी हौसाबाईंकडे पोचली. त्यांचे यजमान सत्यवान शिंपी. काम नेटकं, पण दिवेलागणीनंतर सत्यवानला सुईत दोरा ओवता येत नसे, आणि त्यात डोळ्यांचा काही दोष नव्हता. हौसाबाईंनी येऊन ओळ तीनदा वाचून घेतली.

"स. म्हणजे आमचेच हे," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी जाता जाता लिवन ठेवल्यांनी. आता बगतंय मी."

"हौसाबाय, ता गोष्टीतला आसा," शुभदा म्हणाली.

"आमच्या घरातला आसा, बाय. तुका म्हायत नाय."

सत्यवानने घरी बाजू मांडून बघितली, की पाणी म्हणजे विहिरीचंही असू शकतं. "विहिरीच्या पाण्यान कोण सोताच्या बायलेक मावशी म्हणना नाय," हौसाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला. त्या दिवसापासून सत्यवान संध्याकाळी सोलकढी पिऊन घरातच बसू लागला.

चौथ्या दिवशी शिवा आला. शिवाचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, बाबलीचं, दोन घरांमधल्या कुंपणाच्या गडग्यावरून अकरा वर्षं भांडण होतं. तो चिऱ्याचा गडगा म्हणे एक हात इकडे सरकलेला. इकडे म्हणजे कोणाकडे, हे बघणाऱ्यावर अवलंबून. शिवाने ओळ वाचली आणि एकदम घाम पुसला.

"दोगांचोय नाश," तो म्हणाला. "मास्तरांनी शाळेत माका कदी पास केल्यांनी नाय, पण खोटां कदी सांगल्यांनी नाय."

"शिवा, शि. म्हणजे शिलाराजा. दगडाचो राजा आसा तो."

"माका म्हायत आसा तू माका बरा वाटूक सांगतंस," शिवा म्हणाला आणि पहार आणायला गेला. दुपारपर्यंत दोघा भावांनी मिळून गडगा पाडला. संध्याकाळी बाबलीच्या घरून शिवाकडे फणस गेला. अकरा वर्षांत पहिला.

आता मात्र कोणाला आवरता येईना. मसुऱ्याहून एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत पत्रिका घालून आली. वालावलचे दोघे आले. तळेऱ्याहून एक गृहस्थ दोन एसट्या बदलून आले आणि भेटायला आलेल्यांत बसून आधी रीतसर चार अश्रू ढाळून मग नंबर कधी लागणार विचारू लागले. शुभदा दारात उभी राहून सांगायची, "इथे पत्रिका बघत नाहीत."

"बगणारे गेले, म्हायत आसा माका," मसुऱ्याची बाई म्हणाली. "तू वहीत बग फकत. माजा नाव नर्मदा. न. चा काय लिवलेला आसा?"

शुभदाने वैतागून वही उघडली. न. म्हणजे सहाव्या पुस्तकातली चेटकीण होती आणि शेवटी तिची मगर होत होती. शुभदाने वही मिटली. "तुमचं काही नाही."

"काय नाय म्हणजे बरांच," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांनी उंबऱ्याला हात लावला, उरलेल्यांना "खूप बरां सांगतत" असं सांगितलं आणि दुपारची गाडी पकडली.

सातव्या दिवशी दाजी आले. दाजी वाचनालयाचे अध्यक्ष. पंचांग बघितल्याशिवाय ते केसही कापत नसत. तीस वर्षं अप्पांचं आणि त्यांचं रोज संध्याकाळी धक्क्यावर कडाक्याचं भांडण व्हायचं, आणि भांडण झालं नाही तर दोघांनाही झोप येत नसे. आले, बाकड्यावर बसले. मग म्हणाले, "एकतीस तारखेचो कार्यक्रम रद्द करूचो नाय. भाषणाच्या जागी शोकसभा. वही माजेकडे दी. मी त्यातलाच वाचून दाखयतंय."

शुभदाला बरं वाटलं. अप्पांचं म्हणणं निदान लोकांच्या कानावर तरी पडेल. तिने वही दिली.

एकतीस तारखेला सकाळी राधाबाई हसतमुखाने सांगत आल्या, की मालवणच्या पेंटरने बोर्ड आणून टाकला आणि अक्षर अगदी मोत्यासारखं आहे.

"कसलो बोर्ड?"

"तुका म्हायत नाय? वाचनालयाच्या नव्या खोलीक मास्तरांचा नाव देतत. ज्योतिर्विद कैलासवासी भिकाजी तोंडवळकर ग्रंथदालन."

शुभदाने हातातलं सुकं खोबरं तसंच विळीवर ठेवलं आणि ती वाचनालयात गेली. दाजी टेबलापाशी उभे राहून बोर्डावर फुंकर घालत होते. रंग ओला होता.

"दाजी, तो पहिला शब्द काढा."

"ठराव झालेला आहे, शुभदा." वाचनालयाच्या उंबऱ्याच्या आत दाजी शुद्ध मराठीच बोलत.

"अप्पांनी जन्मभर ज्याला विरोध केला, ते तुम्ही त्यांच्या नावाच्या आधी लावताय."

"विरोध वरवरचा होता. वही कोणाच्या अक्षरात आहे?" दाजींचा चेहरा उजळला. "तीस वर्षं भांडले माझ्याशी. शेवटी माझ्याच बाजूला आले. आता मला सांग, हा आनंद मी कोणाला सांगू? ज्याला सांगायचा तोच नाही."

शुभदाला त्यांची दया आली आणि रागही आला. घरी येऊन तिने ते खोबरं इतकं बारीक कातरलं की त्याचा काही उपयोग राहिला नाही. तोंडावर येऊन गिळलेली तिची वाक्यं मोजायला बसलं असतं, तर ती सात पुस्तकांत मावली नसती. शाळेत हेडमास्तरांपुढे, घरी अप्पांपुढे, मुलगे बघायला येत होते त्या काळात त्यांच्यापुढे. पण हा एक शब्द भिंतीवर चढला की पन्नास वर्षं उतरणार नव्हता. पुढे कोणी पोर येऊन वाचेल आणि म्हणेल, इथले तोंडवळकर मास्तर भविष्य सांगायचे. तिने कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसली आणि पाचच्या सभेला साडेचारला जाऊन पहिल्या रांगेत बसली.

सभा भरली. मसुऱ्याच्या नर्मदाबाईसुद्धा पुन्हा आल्या होत्या, कृतज्ञतेने. दाजी उठले. "मास्तर आमच्यातून गेले, पण जाताना ते आम्हाला भविष्य देऊन गेले," असं त्यांनी सुरू केलं. बोर्ड टेबलावर भिंतीला टेकवून उभा होता, रंग अजून ओलाच.

शुभदा उठली. सभेत बायका उठल्या की पाणी प्यायला जातात अशी गावची समजूत, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. ती टेबलापाशी गेली, पदराचा शेव हातात गुंडाळला आणि "ज्योतिर्विद" हा शब्द उजवीकडून डावीकडे पुसला. एकदा पुसून भागलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा पुसला. बोर्डावर निळा फराटा उरला आणि पदराला पेंटरचं मोत्यासारखं अक्षर लागलं.

"अगो, साडी," राधाबाई म्हणाल्या.

"माझे वडील ज्योतिषी नव्हते," शुभदा म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तसाच होता, म्हणून मागच्या रांगेतलं बोलणं आपोआप थांबलं. "ते गोष्टीची पुस्तकं वाचत होते. लहान मुलांची. एका लेखकाने सात गोष्टींत सात ग्रह लपवले, असं त्यांना वाटत होतं, आणि ते शोधण्यात त्यांनी चार वर्षं घालवली. त्या वहीत तुमच्यापैकी कोणीही नाही."

"कसा नाय?" हौसाबाई उठल्या. "आमचे हे आसत. स."

"स. म्हणजे सगुणा. दहा वर्षांची मुलगी आहे ती. जादूच्या तळ्याचं पाणी पिते."

सभेत हसू पसरलं. सत्यवान शिंपी हळूहळू उभा राहिला. चेहऱ्यावर मोठ्या अन्यायाची छाया होती.

"म्हणजे इतके दीस मी एका चेडवासाटी सोडलंय?"

"खाली बस," हौसाबाई म्हणाल्या. "चेडू असान ती शाणी झाली मा? तू कित्याक मागे रवतंस?"

"मगे आमचो गडगो?" शिवाने विचारलं. "शि. आमी नाय, तर नाश पण आमचो नाय. गडगो परत बांदूचो काय?"

"कशान बांदतलंस?" बाबली त्याच्या शेजारूनच म्हणाला. "चिरे मी विहिरीक लावलंय."

"माझे चिरे?"

"तुझे कशे, मेल्या? अर्धे माझे."

"बगा," शिवा सभेला उद्देशून म्हणाला, "मंगळ लागलो." आणि दोघेही हसायला लागले, तेव्हा भांडण पुन्हा उभं राहणार नाही हे सगळ्यांना कळलं.

तळेऱ्याचे गृहस्थ अजून एका गोष्टीवर अडले होते. "म्हणजे असं म्हणा ना ताई, की माणसांची सोडून पुस्तकांची पत्रिका मांडणारे हे पहिलेच."

"बरोबर," मागून दोघेतिघे म्हणाले. "पुस्तकांचे ज्योतिषी. तसा लिवा."

"नाही," शुभदा म्हणाली. "वाचक लिहा."

"वाचक तर काय, आमी सगळेच," राधाबाई म्हणाल्या.

"तुम्ही तीन ओळी वाचल्यात आणि गावातला गडगा पडला, राधाबाय. अप्पांनी सात पुस्तकं अकरा अकरा वेळा वाचली आणि कोणाचं काही पाडलं नाही. त्याला वाचक म्हणतात."

राधाबाईंना हे शिवीसारखं वाटलं की कौतुकासारखं, ते ठरवायला वेळ लागला.

दाजी इतका वेळ उभेच होते. त्यांचा तीस वर्षांनी मिळालेला विजय डोळ्यांदेखत पुसला गेला होता. त्यांनी शेवटचा आधार म्हणून वही उचलली. "पुरावा काय म्हणतो ते बघू. मास्तरांचा शेवटचा शब्द सभेपुढे ठेवतो. त्यात ज्योतिष निघालं, तर बोर्ड पुन्हा रंगवायचा." त्यांनी मागून पानं उलटली, लिहिलेलं, पण त्यांनी अजून न वाचलेलं शेवटचं पान काढलं आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"रविवार. बुध बसत नाही. पोपट एकच, तोही एक वाक्य बोलून उडून जातो. शुभदा होय म्हणाली." दाजींचा आवाज इथे जरा उतरला. "पटलेलं नाही तेव्हा ती लगेच होय म्हणते. खरं काय ते सभेच्या आधी तिच्याकडून काढून घेणे. तिच्याखेरीज हे कोणाला कळणार नाही."

दाजींनी पान उलटून बघितलं. पुढे कोरं होतं. त्यांनी वही मिटली आणि वाचनालयाचा उंबरा विसरून ते म्हणाले, "शेवटाक तो माज्या बाजूक नाय इलो, गो. तो तुझ्या बाजूक चल्लो हुतो."

मग राधाबाईंनी विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय त्यांना राहवलं नसतं, "मगे? पटलां हुतां तुका, का नाय?"

शुभदा सभेकडे पाठ करून उभी राहिली. समोर बोर्ड होता. फराट्यात कैलासवासीही अर्धं पुसलं गेलं होतं, नीट वाचता येत होतं ते भिकाजी तोंडवळकर इथूनच. ती शाळेतल्या भाषेत बोलायला गेली आणि ते जमलं नाही.

"नाय, अप्पा," ती म्हणाली. "माका नाय पटलां. चार वर्सां नाय पटलां. सहा पुस्तकांत तुमी म्हणतास तां बरोबर आसा. चौथ्यात नाय. चौथ्यात ग्रहच नाय. थंय एक चेडू धक्क्यार बसान बापाशीची वाट बगता, होड्ये येतत, जातत, आणि तो काय येणा नाय. दहा वर्सांची असताना वाचलंय तेव्हाच माका कळला हुता. तुमी येवढे हुशार, आणि त्येका पोपट लावतास? तुमचा चुकला, अप्पा. वायट चुकला. आता सांगा, काय सांगतास तां."